सोनकांबळे बाई आणि लिंबाईची पोथी

खोटं पत्र ओळखायला कधी कधी मुंग्याही पुरतात, हे मला सोनकांबळे बाईंमुळे कळलं. लातूरच्या आमच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या आणि मी मराठी. म्हणजे पगार दोघांनाही शिकवण्याचाच मिळायचा, शिकवायच्या मात्र त्या. एकदा मुरुडकडचे एक गृहस्थ स्टाफरूममध्ये आले. गळ्यात जाड साखळी, हातात लाल कापडाची गुंडाळी. गुंडाळीत कुण्या जुन्या सरदाराचं मोडी पत्र होतं आणि त्यात या गृहस्थांच्या खापरपणजोबांच्या तलवारीची वाखाणणी. बाईंनी फक्त ‘पत्र अस्सल आहे’ एवढं लिहून द्यायचं, की गावात खापरपणजोबांच्या नावाची कमान उभी राहणार होती. बाईंनी पत्र नाकाजवळ नेलं, टेबलावर पसरून ठेवलं आणि म्हणाल्या, उद्या या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पत्रावर मुंग्यांची ही रांग लागलेली. बाईंनी गृहस्थांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अगदी मायेनं समजावलं. कागद जुना दिसावा म्हणून तुमच्या माणसानं तो चहात बुडवला, ते एक वेळ ठीक आहे. पण त्यानं टपरीवरचा तयार चहा आणला, आणि आपल्याकडं टपरीवाले साखर किती घालतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. गृहस्थ जे उठले ते गुंडाळी घ्यायलाही थांबले नाहीत.

दिसायला बाई म्हणाल तर चारचौघींसारख्या. ठेंगण्या, सावळ्या, सुती साडी, पायात कायम काळ्या रबरी चपला. भिंग मात्र पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेलं. जुन्या कागदाला हात लावण्याआधी साबणानं हात धुवायच्या आणि वाळेपर्यंत दोन्ही पंजे वर धरून बसायच्या. ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरासारख्या! तेवढ्यात कुणी प्रसादाचा पेढा पुढे केला तरी घ्यायच्या नाहीत. वर्गात पुस्तकी बोलायच्या, स्टाफरूममध्ये चाकूरकडचं. कुठलाही कागद हातात आला की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले: कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं आन् कामून लिहिलं? लग्नपत्रिकेलासुद्धा त्या हेच विचारायच्या. प्राचार्यांच्या परिपत्रकाला तर मोठ्यानं विचारायच्या, त्यामुळे प्राचार्य आमच्या स्टाफरूममध्ये सहसा येत नसत.

हसण्यावारी न्यायची बाई नव्हती ती. नांदेडकडं एक टोळी होती. देवस्थानच्या इनामी जमिनी लाटायला जुन्या सनदा बनवून विकायची. कागद जुना, शिक्के हुबेहूब, आणि साक्षीला एक म्हातारा मोडीवाचक. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा सनदा तपासायला बाईंना बोलावलं. त्याआधी दोन तरणी पोरं मोटरसायकलवरून त्यांच्या घरी आली आणि या वयात नांदेडला हेलपाटे कशाला घालता, वगैरे काळजीच्या सुरात बोलून गेली. बाईंनी त्यांना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली, आणि ठरल्या दिवशी पहिल्या एसटीनं नांदेड गाठलं. मी सोबतीला होतो. सोबत कसली, मलाच घाम फुटला होता.

समोरच्या वकिलानं बाईंच्या आडनावावर जरा जोर दिला. मग विचारलं, तुमच्या घराण्यात पूर्वी कुणी मोडी वाचत होतं का? सगळ्यांना प्रश्नाचा रोख कळला. बाईंना तर कळलाच.

“नाही,” बाई म्हणाल्या. “आमच्या घरात मोडीत लिहिलेले कागद पुष्कळ होते, आजोबांचे अंगठे घेतलेले. वाचणारं कुणी नव्हतं. म्हणून तर मी शिकले.”

वकिलानं पाणी प्यायलं. त्यानंतर बाईंनी तासभर एकेक सनद सोडवून दाखवली. सावकारांच्या जुन्या वह्यांमधली कोरी पानं कापून त्यांवर या सनदा कशा लिहिल्या, हे त्यांनी त्या वह्याच समोर ठेवून सांगितलं. टोळी आत गेली. परतताना बाई एसटीत खिडकीशी बसून गाढ झोपल्या आणि मी अहमदपूरपर्यंत मागं वळून वळून पाहत होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बाईंचं व्यक्तिचित्र झालं असतं. पण खऱ्या बाई मला दिसल्या त्या लिंबाईच्या पोथीपाशी.

बाईंना मोडी शिकवली नांदेडच्या एका गुरुजींनी. त्यांची उभी नोकरी कचेरीत तर्जुमा, म्हणजे भाषांतरं, करण्यात गेली. मोडी, उर्दू, फारसी तिन्हींवर हात. गोदावरीच्या घाटाजवळ त्यांच्या दोन खोल्या होत्या. तरुणपणी बाई दर रविवारी तिथं जायच्या. गुरुजी वरच्या जातीतले, बाई बौद्ध. त्या घरात तुम्हाला पाणी कुणाच्या भांड्यातून मिळायचं, असं मी एकदा आगाऊपणानं विचारलं होतं. “त्यांच्याच,” बाई म्हणाल्या, “आन् नंतर ते सोताच धुवायचे, माझं बी.” गुरुजींचा फोटो बाईंच्या बैठकीत होता, वडिलांच्या फोटोच्या शेजारी.

डॉक्टरेटसाठी बाईंना आपल्याच माणसांचा इतिहास हवा होता. मार्गदर्शक म्हणाले, तुमच्या लोकांचं लिहिलेलं काही नाहीच, अभ्यास कशाचा करणार? बाई गुरुजींपुढं जाऊन रडल्या. वर्षभरानं गुरुजींनी त्यांच्या हातात एक पोथी ठेवली. शिरूर अनंतपाळच्या पुढं एक गाव आहे. नाव घेत नाही, कारण गावाचा यात काही दोष नाही. तिथल्या पडक्या मठात सापडली म्हणाले. तीनशे वर्षांपूर्वीची गावकुसाबाहेरची एक बाई, लिंबाई तिचं नाव, आणि तिचे अभंग.

घर वेशीपार, वारा आधी येई ।
मागाहून जाई गावामध्ये ॥

मी मराठीचा मास्तर. असल्या ओळी वाचून वाचून आम्ही निबर झालेलो असतो. पण ही ओळ शिकवताना माझा आवाज दर वर्षी हलायचा. ज्यांना गावानं बाहेर ठेवलं, त्यांच्याकडं वारा आधी येतो, आणि गावाला उरतो तो त्यांच्या अंगावरून आलेला! काय बाई असेल ही, असं वाटायचं.

लिंबाईनं बाईंना डॉक्टरेट दिली, नाव दिलं, पुरस्कार दिला. पोथी कॉलेजच्या कपाटात आली, अभंग अभ्यासक्रमात गेले. त्या गावात लिंबाईच्या नावानं सभागृह झालं, वाचनालय झालं, आणि शोध लावणाऱ्या म्हणून बाईंच्या नावाची फरशी दाराशी बसली. दर वर्षी लिंबाईचा स्मृतिदिन होऊ लागला. त्या पट्ट्यात लोक मुलींची नावं लिंबाई ठेवू लागले. आमच्या वर्गात एक मुलगी होती तिथली. कुणी जातीवरून टोचलं की म्हणायची, तुमचे लोक पोथ्या लिहीत होते ना, तेव्हा आमची लिंबाई बी लिहीत होती. आणि ताठ मानेनं जाऊन पहिल्या बाकावर बसायची.

निवृत्त झाल्यावरही बाई दर हिवाळ्यात पोथ्यांना वारा द्यायला कॉलेजात यायच्या. पोथ्या कपाटातून काढायच्या, उत्तरेकडच्या व्हरांड्यात सावलीत पसरायच्या, पान न् पान उलटायचं, नव्या फडक्यात लिंबाचा पाला घालून परत बांधायच्या. त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणूससुद्धा आवाजावरून ओळखत होत्या. मी म्हटलं, यंदा राहू द्या, ऑपरेशन झाल्यावर करू. ऐकतील तर ना! पंजे धुतले, वाळवले आणि बसल्या. डोळ्यांचा उपयोग नाही म्हणून पानाच्या कडा बोटांनी चाचपडून लिंबाईची पोथी उलटू लागल्या.

आणि एका पानावर त्यांचं बोट थांबलं. वरून खाली गेलं, परत वर आलं. त्यांनी पुढचं पान घेतलं, मग त्याच्या पुढचं. मग माझा हात धरून माझं बोट त्या पानावर ठेवलं. मला काहीच लागलं नाही. मोबाईलच्या काचेवर घासून गुळगुळीत झालेली आमची बोटं, त्यांना काय लागणार? बाईंचा चेहरा मात्र असा झाला होता, की मी पाणी आणायला उठलो.

त्यांना लागली होती ती घडी. जुन्या जमाखर्चाच्या वहीत रेघा छापलेल्या नसत. पानाला उभ्या घड्या घालून रकाने पाडत. त्या घडीला सळ म्हणतात. पोथीचं पान कुणी असं दुमडत नाही, पोथीला उभे रकाने लागतातच कशाला? लिंबाईच्या अभंगांखाली हिशेबाच्या वहीचे सळ होते, कुणीतरी ओलसर फडक्यानं दाबून, वजनाखाली ठेवून बसवलेले. डोळ्यांना ते कधीच दिसले नव्हते. शाई कशी पारखायची, अक्षराचं वळण कसं ओळखायचं, जुने शब्द कसे तोलायचे, हे सगळं बाईंना गुरुजींनी शिकवलं होतं, आणि या सगळ्यात पोथी चोख होती. सळ ओळखायला मात्र बाई नांदेडच्या टोळीच्या खटल्यात शिकल्या होत्या, गुरुजी गेल्यानंतर.

मी आपला वकिली करत राहिलो. म्हटलं, गरीब माणसाला कोरा कागद कुठून मिळणार, कुणी जुन्या वहीतली रद्दी पानं वापरली असतील. “असंल,” बाई म्हणाल्या. तो सगळा महिना त्या एका ‘असंल’वर त्यांनी काढला. ऑपरेशन होऊन डोळ्यावरचा हिरवा पडदा निघाला त्याच आठवड्यात फोन आला, एक आरसा घेऊन कॉलेजात या. घरातला आरसा भिंतीत बसवलेला. शेवटी स्कूटरचाच आरसा पिळून काढला आणि गेलो. बाईंनी एक पान उजेडाकडं धरलं. अभंगांच्या ओळींमध्ये, कोऱ्या जागेत, पुसट डाग होता. मिटलेल्या वहीत समोरच्या पानावरची शाई उलटी उमटते, तसा. स्कूटरच्या आरशात तो सुलटा झाला. मोडीत एक शब्द होता, आणि बाईंनी मला एवढी मोडी शिकवली होती की तो मलाही वाचता आला. ‘हाली’. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारा, हाली शिक्का म्हणजे निजामाचं नाणं. ते काही तीनशे वर्षांपूर्वी चालत नव्हतं. निजामाच्या अमदानीतल्या वहीचा तो कागद होता, आणि लिंबाई नावाचं कुणी झालंच नव्हतं.

बाईंनी पान खाली ठेवलं. मला वाटलं रडतील. त्या संतापल्या होत्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या रडण्यावर गुरुजींनी पोथी लिहिली, म्हणाल्या. मला विषय पायजे होता, म्हणून माझ्यासाठी एक बाई बनवली.

मग मी जे बोललो ते कुठलाही शहाणा माणूस बोलला असता. गुरुजी आता नाहीत. पोथी कपाटात आहे. बोटांनी सळ ओळखणारं माणूस या जिल्ह्यात तुमच्याशिवाय नाही. वाईट कुणाचं झालं यात? पोरी ताठ मानेनं चालू लागल्या, गावात वाचनालय झालं. सोडा की बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. उत्तर दिलं तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

“आपल्या बाया गायल्या असतील, लई गायल्या असतील. कुणी लिहून ठेवलं न्हाई. ती कोरी जागा हाच आमचा पुरावा व्हता, सर. तेवढा एकच व्हता. त्या जागेवर यांनी सोताचं अक्षर काढून ठेवलं. आता कुणी इचारलं, तुमच्यावर काय अन्याव झाला, तुमची तर पोथी हाय, तर मी काय दाखवू?”

मी स्कूटरचा आरसा उचलून पिशवीत टाकला.

लिंबाईच्या स्मृतिदिनाला बाई गेल्या. आधी चिठ्ठी नाही, फोन नाही. ज्यांच्यासमोर मी हे आणलं त्यांच्यासमोरच जाऊन सांगीन, म्हणाल्या. सभागृह गच्च भरलेलं. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांनी नुकताच वाऱ्याचा अभंग म्हटला होता. बाई उठल्या. माइकपाशी त्यांनी लिंबाईच्या पोथीची दोन पानं वर धरली आणि साध्या भाषेत, एखाद्या घरी वाईट बातमी सांगावी तसं, सळ सांगितले, हाली शिक्का सांगितला, गुरुजींचं नाव सांगितलं. आपण पुरस्कार घेतला, पदवी घेतली, आणि पारख करायला बसवलेल्या माणसाकडून ही चूक झाली, हेही सांगितलं. मागं एक लेकरू रडत होतं, त्याच्या आईनं त्याला बाहेर नेलं.

मग तिथल्याच शाळेतला एक तरुण मास्तर उभा राहिला. त्याच्या कडेवर चारेक वर्षांची मुलगी होती.

“हिचं नाव लिंबाई हाय, मॅडम,” तो म्हणाला. “हिला म्या काय सांगू?”

बाईंनी त्या पोरीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “खरं सांग. म्हणावं, लिंबाई न्हवती. पण तुझ्या पणजीच्या पणजीला कुणी लिहू दिलं न्हाई, ते मातर खरं हाय. आन् एका बाईनं गावाला चुकीचं सांगितलं, म्हणून तुला हे नाव मिळालं. त्या बाईचं नाव इचारलं, तर माझं सांग.”

तो खाली बसला. कार्यक्रम तिथंच संपला. गावच्या चुलाणांवर वरण उकळत होतं, पत्रावळी मांडलेल्या होत्या. आम्ही पंगतीच्या कडेनं चालत फाटकापर्यंत आलो. जेवून जा, असं एकही माणूस म्हणालं नाही. आमच्याकडं दारात आलेल्या अनोळखी माणसालाही असं कुणी उपाशी पाठवत नाही. बाईंनी मान खाली घातली नाही, पण फाट्यावर एसटीची वाट बघताना दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले होते. मला त्या वेळी त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, कारण असले प्रकार त्यांना चालत नसत.

पुढचं सगळं मोबाईलवर झालं. कुणी म्हणे बाई विकल्या गेल्या, कुणी म्हणे म्हातारपणी चळ लागला. काहींना तर आनंद झाला. बघा, यांचं सगळंच खोटं, म्हणून त्यांनी बाईंचा व्हिडिओ गावभर फिरवला. बाईंना सगळ्यांत जास्त ते लागलं. गावानं दाराची फरशी काढून टाकली. बाईंनी विद्यापीठाला कळवलं, माझी पदवी परत घ्या. तिथून उत्तर आलं की पदवी परत घ्यायची पद्धत ठरलेली नसल्यामुळे अर्ज विचाराधीन आहे. एवढ्या दिवसांत त्या पत्रावर बाई पहिल्यांदा हसल्या आणि आपले तीन प्रश्न त्यालाही मोठ्यानं विचारले.

गुरुजींचा फोटो त्यांनी काढला नाही. मी विचारलं. म्हणाल्या, अभंग मातर म्हाताऱ्यानं जबर लिहिले. सोताच्या नावानं छापले असते, तर म्या पेढे वाटले असते. मग म्हणाल्या, एकदा मला इचारायचं तरी. म्या नको म्हणले असते, म्हणूनच इचारलं नसंल. यापुढं त्या गुरुजींबद्दल माझ्याशी बोलल्या नाहीत.

बाईंना शेवटचं पाहिलं ते शिरूर अनंतपाळच्या आठवडी बाजारात. मी मेहुण्याकडं निघालो होतो. भाजीवाल्यांच्या ओळीच्या शेवटी, चिंचेखाली, एका पोत्यावर बाई मांडी घालून बसलेल्या. समोर त्यांच्याहून म्हातारी एक बाई, लसणाच्या गड्ड्या विकणारी. दोघींच्या मध्ये बाईंचा मोबाईल, रेकॉर्डिंगला लावलेला. भाच्याच्या स्कूटरवर मागं बसून बाई गावोगाव हिंडतात, म्हाताऱ्यांच्या ओव्या गोळा करतात, एवढं माझ्या कानावर आलं होतं. मी हाक मारणार होतो, पण म्हातारीनं तेवढ्यात सूर लावला. दळणावरची ओवी होती. साधीच, भावाच्या बैलांची. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

“थांब माय. आधी नाव सांग.”

म्हातारी म्हणाली, लिही की, किसनाची माय. बाई म्हणाल्या, किसनाचं न्हाई, तुझं. म्हातारीनं सासरचं आडनाव सांगितलं. बाई म्हणाल्या, ते बी लिहिते, पण तुझ्या मायबापानं ठेवलेलं? म्हातारी लसणाकडं बघत राहिली. एक गिऱ्हाईक येऊन भाव विचारून निघून गेलं, तरी तिचं लक्ष नव्हतं. बाई नुसत्या बसून होत्या. घाई करत नव्हत्या. कागद बोलेपर्यंत जशा थांबायच्या, तशाच.

“द्वारका,” म्हातारी शेवटी म्हणाली. “द्वारकी म्हणायचे मला. लई वर्सं झाली कुणी म्हणलं न्हाई.”

बाईंनी मोबाईल उचलला आणि तिच्या तोंडाजवळ धरला.

“आता यात मोठ्यानं बोल. तुझं नाव, तुझ्या मायचं नाव, गाव. मग गा.”

म्हातारीनं हातावरची लसणाची टरफलं झटकली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पाठ सरळ केली, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःचं नाव सांगितलं.